अण्णांच्या इंजिनाचा पिस्टन

आज जानेवारीची सतरा तारीख, शनिवार, आणि काम चाललंय स्क्रू निवडायचं. ते स्टूल ओढून घ्या आणि बसा, फक्त हे ताट हलवू नका. डावीकडं इंग्लिश आट्यांचे, उजवीकडं मिलिमीटरच्या आट्यांचे, मधले अजून ठरायचेत. दिसायला सगळे सारखेच, मुगाएवढे, पण जुन्या इंजिनात चुकीचा स्क्रू पिळला की आतले आटे गेलेच, आणि मग मला फोन येतो की ताई आता काय करू. म्हणून हे निवडणं मी दुसऱ्या कुणाला देत नाही. तुम्ही विचारा, माझे हात चालू राहतील.

मी मूळची कोडोलीची. वडलांचा ऊस, दोन म्हशी, आम्ही तिघी बहिणी, मी मधली. बारावी कॉमर्स झाले आणि पुढच्याच वर्षी लग्न होऊन इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात आले. सासऱ्यांची ॲल्युमिनियम वितळवायची लहानशी भट्टी होती आणि तिच्या भिंतीला भिंत लावून आमच्या मिस्टरांचं लेथ आणि होनिंगचं दुकान. नव्या सुनेला काम काय, तर भंगार निवडायचं. पोत्यानं भंगार यायचं, पातेली, स्कूटरची झाकणं, खिडक्यांच्या पट्ट्या, त्यातलं लोखंड, पितळ, रबर वेगळं काढायचं, कारण भट्टीत नको ते गेलं की सगळा माल बाद. चुंबक होतं, पण चुंबकाच्या आधी हाताला कळतं. रेतीत ओतलेल्या मालाची कातडी खरखरीत, डायमधून, म्हणजे लोखंडी साच्यातून, काढलेल्याची गुळगुळीत, आणि पत्रा तर आवाजावरनं समजतो. हे मला कुणी शिकवलं नाही, निवडून निवडून आलं. माहेरी गेले की आई विचारायची, काय करतीस गं तिकडं, मी म्हणायची कचरा निवडते, ती म्हणायची तांदूळ निवडल्यागत निवड म्हंजे झालं.

तर त्या भंगारात एकदा लिंबाएवढं इंजिन आलं. पुढं शाफ्ट, वर बारीक बारीक चकत्या, दोन बाजूंना बसवायचे दोन कान, आणि आत खरोखरचा पिस्टन. सासरे म्हणाले मोपेडचं काहीतरी असंल, टाक भट्टीत. मिस्टर म्हणाले फवारणीच्या पंपाचं हाय. मी म्हटलं कळेपर्यंत राहू दे आणि डब्यात टाकलं. पुढं कुठल्याशा कॉलेजनं जुनं सामान काढलं त्या पोत्यातनं अशी आणखी आली, काही अख्खी, काही मोडकी, तेव्हा कळलं की ही खेळातल्या विमानांची इंजिनं. पूर्वी कॉलेजची पोरं बाल्सा लाकडाची विमानं करायची, त्यांच्या नाकावर हे बसवायची. माझा डबा भरला, मग दुसरा भरला. सासरे चिडवायचे, सूनबाईंचं विमानतळ. हातात फोन आला तेव्हा जुनी इंजिनं जमवणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला, एवढंच विचारलं की हे काय आहे, आणि काय सांगू तुम्हाला, तासाभरात चार देशांतली माणसं आपसात भांडायला लागली. त्या भांडणातनं मी शिकले. आता उलटं झालंय, ते मला विचारतात.

कसं ओळखता म्हणाल, तर नाव बघत नाही. नावाचं झाकण कुणीही कुणाच्याही इंजिनावर लावतो. मी कानाच्या भोकांमधलं अंतर बघते, धूर कुठल्या अंगानं जातो बघते, आटे कुठले बघते, आणि कातडी रेतीची की डायची हे विचारते. फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल असं सांगितलं, तर लोक स्वतःचा अंगठा ठेवून पाठवतात. आता मला काय माहीत तुमचा अंगठा केवढा. आणि प्रत्येकाचं इंजिन दुर्मीळच असतं बघा. मी म्हणते दुर्मीळ असू दे, सुई आहे का त्याची, तेल जायची बारीक सुई, तर ती नेमकी नसतेच. मग शोधायची. कधी माझ्या डब्यात निघते, कधी बंगळूरच्या एका माणसाकडं, कधी मिस्टर करून देतात.

मिस्टरांचं सांगायलाच पाहिजे, कारण अण्णांचा सगळा घोटाळा तिथनंच झाला. आमच्या गल्लीत होनिंगला यांच्यासारखा हात नाही. होनिंग म्हणजे सिलिंडरचं बोअर आतनं घासून सरळ आणि गुळगुळीत करायचं. इचलकरंजीपासून माणसं येतात. बोअर वाकडं दिसलं की या माणसाला जेवण जात नाही. लग्नात जेवायला बसले तरी वाटीचा काठ बोटानं फिरवून बघतात. मी म्हणते आमटी घ्या, ती गोल नसते.

तर अण्णा. हे कुरुंदवाडचे, बी-बियाणांचं जुनं दुकान, आता मुलं बघतात. गेल्या मार्गशीर्षात एसटीनं एकटेच आले, सुपारीच्या डब्यात कापसात गुंडाळून इंजिन घेऊन. एक्क्याऐंशी वर्षांचं माणूस, पण दारातनंच आवाज, विमानाच्या बाई त्या तुम्हीच काय. म्हटलं बसा, आधी पाणी घ्या. ते म्हणाले, पाणी नंतर, आधी ह्यो मेलाय का जित्ता हाय ते सांगा.

बघितलं. डिझेल इंजिन, जुनं, विलायती. डिझेलला ठिणगीचा प्लग नसतो, पिस्टननं हवा जोरात दाबली की त्या दाबानंच आत पेटतं. म्हणजे दाब गेला की इंजिन गेलं, दुसरा उपाय नाही. धूर जायची भोकं मोजली, तीन निघाली. त्या कंपनीच्या नंतरच्या इंजिनांना चार असतात, म्हणजे हे पहिल्या लॉटचं, आणि त्या लॉटचा सुटा भाग मी आजवर कुठं बघितला नव्हता. पण मोडलेलं काही नव्हतं. आत एरंडेलाचा गोंद झालेला. या इंजिनांच्या तेलात एरंडेल असतं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते लाखेसारखं घट्ट होतं. म्हटलं, जित्ता हाय, झोपलाय.

मग त्यांनी पाणी घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. अण्णा आणि आप्पा, दोघं इथं कोल्हापुरात कॉलेजला एका खोलीत राहायचे. आप्पांचं आता जोतिबावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे. दोघांनी मिळून दोन सारखी इंजिनं घेतली होती, एकाच दिवशी, एकाच माणसाकडनं. विमानाला दोन तारा बांधून आपल्याभोवती गोल फिरवायचं, मागं कागदाची लांब शेपटी, आणि आपल्या विमानाच्या पंख्यानं दुसऱ्याची शेपटी कापायची, असा तो खेळ. शेवटच्या खेळात कुणी कुणाची कापली यावर दोघांचं आजतागायत जुळलेलं नाही. आप्पा सगळ्या लग्नाकार्यात सांगतात की माझं इंजिन अजून वाजतंय, अण्णाचं कवाच मेलं. आता अण्णांच्या मुलांनी सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठेवला होता. अण्णांनी सांगितलेलं, शाल नको, हार नको, त्या दिवशी अंगणात माझं इंजिन वाजलं पायजे.

मी म्हटलं एवढ्यासाठी एवढी धावपळ कशाला, निवांत करू की दिवाळीपर्यंत. तर ते म्हणाले, बाई, आप्पाचे कान चाललेत. मशीन लावतोय. डॉक्टर म्हणतोय आणखी जाणार. एवढं एक त्याच्या कानावर पडूदे, मग तो भैरा झाला तरी माझी हरकत न्हाय.

मी होकार दिला आणि इंजिन ठेवून घेतलं.

ते मी उकळलं. व्हय, उकळलंच, जुन्या पातेल्यात, गाडीच्या रेडिएटरचं कूलंट घालून, मागच्या अंगणात, कारण घरात केलं तर वास जात नाही. सुटलं सगळं. खोलून, पुसून लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, आणि पिस्टन ताटलीत ठेवला. पिस्टन खालनं घातला की मऊ जायचा आणि वर शेवटी अडकायचा. मी मिस्टरांना एवढंच बोलले की वर अडकतंय, कोडोलीहून आल्यावर बघते. भाचीचा साखरपुडा होता, दोन रात्रींचा प्रश्न.

परत आले तर हे चहा घेऊन दारात उभे. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी कधी माझ्यासाठी दारात चहा आणला नाही. म्हणाले, तुझं काम करून ठेवलं. वर अडकत होतं न्हवं, बोअरला टेपर आलता, झिजलं असंल. सरळ करून टाकलं. बघ, आता कसं लोण्यागत जातंय.

मी पिस्टन घातला. लोण्यागतच गेला, वरपर्यंत, आणि वरनं बाहेर. मी स्टुलावर बसले. म्हटलं, अहो, ते झिजलं नव्हतं, ते तसंच असतं. वर घट्ट आणि खाली सैल, मुद्दाम केलेलं. इंजिन तापलं की वरचं फुगतं आणि मग बरोबर बसतं, त्या घट्टपणातच त्याचा सगळा दाब. हे म्हणाले, कुठला शाणा मुद्दाम वाकडं बोअर करतो. म्हटलं विलायतेतला. हे म्हणाले, मग त्याला होनिंग येत नसणार.

मी ओरडले नाही. ओरडून बोअर परत लहान होत नाही. आणि खरं सांगू का, त्यांच्या बाजूनं त्यांनी अगदी नीट केलं होतं, डायल लावून बघितलं तर वरनं खालपर्यंत काटा हलला नाही. मीच त्यांना म्हटलं की तुमचं चुकलं असतं तर बरं झालं असतं, थोडं तरी वाकडं राहिलं असतं. ते दोन दिवस भाकरीकडं बघून जेवले.

ग्रुपवर टाकलं. पहिल्या लॉटचा लायनर आणि पिस्टन कुणाकडं आहे का. एकानं लिहिलं असल्यास मलाही कळवा. एकानं चार भोकांचा देऊ केला, तो बसत नाही. मग मिस्टरच बोलले, नवा पिस्टन मी करतो, बोअर परत टेपर करतो, पण वर किती घट्ट ठेवायचं ते मला कोण सांगणार, जास्त झालं तर जाम, कमी झालं तर पेटायचं न्हाय. ते केसाहून कमीचं काम. म्हणजे तसंच एक न बिघडलेलं इंजिन मोजायला पाहिजे होतं, आणि तसं एकच इंजिन मला माहीत होतं.

स्कूटी काढली आणि जोतिबाला गेले. आप्पांचं दुकान पायऱ्यांच्या कडेला, सगळं गुलाबी, आप्पासुद्धा भुवयांपर्यंत गुलाबी. इंजिन कुठं होतं सांगू, गल्ल्याशेजारी, पुड्या बांधायच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेलं. मी कानात सांगायला गेले तर ते म्हणाले मोठ्यानं बोला. मोठ्यानं बोलले की मिस्टरांच्या हातनं अण्णांचं इंजिन बिघडलंय, तुमच्या इंजिनाचं माप पाहिजे, तर नारळ घ्यायला थांबलेली पाच-सहा माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी इंजिन उचललं, पंख्याचा शाफ्ट फिरवला. हलेना. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा गिऱ्हाइकाला म्हणाले, पावणं, खोबरं किती देऊ.

माणसं गेली तेव्हा हळू आवाजात बोलले, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, समोरच्या दुकानापर्यंत गेलं असेल. लई वर्षं झाली, वाजत न्हाय ते. पण अण्णाला सांगायचं न्हाय. मी म्हटलं मला काय करायचंय तुमच्या दोघांचं, मला फक्त आत माप घ्यायचंय. घेऊन जाते, उकळून, मोजून परत आणते. तर ते इंजिनावर हात ठेवून बसले. न्यायचं न्हाय. हितंच काय ते करा.

आता तिथं कुठलं पातेलं आणि कुठलं कूलंट. पण एरंडेलाचा गोंद उष्णतेनं मऊ होतो, आणि पेटवायला आप्पांच्या दुकानात एक गोष्ट भरपूर होती. मूठभर कापूर एका पत्र्यावर पेटवला, चिमट्यात इंजिन धरून त्याच्यावर शेकलं. बायका येता-जाता नमस्कार करत होत्या. एकीनं आरतीसारखे हात फिरवून तोंडावरनं घेतले, मी काही बोलले नाही. वरचं टोपण सुटलं. पिस्टन तळात अडकून बसला होता, तो बसू दिला, मला वरचं बोअरच हवं होतं. वर, मधे, खाली अशी मापं घेतली, परत परत घेतली, सगळं जोडून दिलं. तोंड काजळीनं काळं आणि हात गुलालानं गुलाबी, घरी आले तर मिस्टर म्हणाले, इंजिन मोजायला गेलतीस का जत्रंला.

ती मापं त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, हे वाकडं न्हाय गं. हे लई सरळ डोक्याच्या माणसानं केलंय. मी म्हटलं आता तरी कळलं. पिस्टनला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठलं घ्यायचं, तर नवं नको म्हणाले, नवं बीड तापल्यावर हलतं. मळ्यावरच्या जुन्या ऑइल इंजिनाच्या ब्लॉकचा एक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, वर्षानुवर्षं तापून थंड होऊन मुरलेला. त्यातनं पिस्टन काढला. पितळेच्या दांड्याला पेस्ट लावून बोअर हातानं घासलं, खाली जास्त, वर नुसतं लागल्यासारखं. आयुष्यभर बोअर सरळ करणारा माणूस मान खाली घालून बोअर वाकडं करत बसला होता. गल्लीतले येऊन विचारायचे, काय चाललंय दादा. हे म्हणायचे, प्रायश्चित्त.

कार्यक्रमाच्या आधी मी अण्णांना फोन केला. सांगायचं की नाही याचा मी फार विचार केला नाही, दुसऱ्याच्या इंजिनात आपला भाग घातला तर सांगायचं, एवढाच या कामाला नियम आहे. म्हटलं, अण्णा, आमच्या घरातनं चूक झाली, तुमचा मूळ पिस्टन आता चालायचा नाही, नवा केलाय, जुना पिशवीत घालून देते. ते म्हणाले, कुठल्या बीडाचा केला. मी सांगितलं, मळ्यावरच्या ऑइल इंजिनाचा. तर हसायलाच लागले. म्हंजे पाणी वढलेलं बीड. मग चालतंय. आप्पाचं विलायती आणि माझं कोल्हापुरी. पण वाजंल न्हवं? मी म्हटलं, ते परवा कळेल, आज सांगत नाही.

कुरुंदवाडला अंगणात मांडव, पाटावर रांगोळी, ऐंशीच्या वर दिवे, पंगत बसायच्या बेतात. मिस्टर आले होते, पण मांडवाच्या खांबाआड. मी एका जाड फळीला इंजिन बोल्टानं पक्कं केलं, फळी टेबलाला शिकंज्यात धरली, ईथर, रॉकेल आणि एरंडेल असं मिसळून टाकीत भरलं. वासानंच अर्धी माणसं लांब झाली. आप्पा पहिल्या खुर्चीत, कानाला मशीन, गुलाल धुऊन आलेले. अण्णा म्हणाले पंखा मीच मारणार. बोटाला लागेल म्हटलं, तर म्हणाले बोटं माझी हायत.

पंखा मारला, काही नाही. परत मारला, काही नाही. आप्पा म्हणाले, जेवायला बसूया का. अण्णांनी परत मारला, एकदा नुसतं फट झालं आणि पंख्यानं बोट झोडलं. सुनेनं हळद आणली, त्यांनी ती फळीवरच ठेवायला लावली. मी वरचा स्क्रू थोडा पिळला, दाब वाढवला. खांबाआडनं हात दिसला, अजून थोडा म्हणून खूण. अजून थोडा पिळला. अण्णांनी बोट चोखलं आणि पंखा मारला.

लागलं. असं लागलं की पंगतीतली पत्रावळ उडाली, कुत्री गल्लीच्या टोकाला गेली, भटजींनी दोन्ही कान धरले. तो आवाज मी फोनवर ऐकलेला, समोर इतक्या जवळनं कधी नाही. कापड फाडत जावं तसा, थांबायलाच तयार नाही. एरंडेलाचा धूर आणि काळ्या तेलाचे थेंब नेमके आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. आप्पा हलले नाहीत. त्यांनी कानातलं मशीन काढलं, खिशात ठेवलं, आणि तसेच बसून राहिले, डोळे मिटून. टाकी संपेपर्यंत.

बंद झाल्यावर कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, सगळेच आप्पा झालेले. अण्णांनी जवळ जाऊन विचारलं, आलं का ऐकू. आप्पा म्हणाले, मशीन न लावता आलं. मग सदऱ्याकडं बघून म्हणाले, पण माझं याच्यापेक्षा मोठ्यानं वाजतं. अण्णा म्हणाले, मग आण की. आणतो की, आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. मी जिलेबीकडं बघितलं. त्या दोघांना देवानं अशीच भांडायला आणखी वर्षं द्यावीत, माझं काही म्हणणं नाही, मला काम मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होते तर आप्पा पायरीवर. डोंगरावरनं पहिल्या गाडीनं आलेले, मांडीवर पिशवी. पिशवी माझ्या हातात दिली, आत डोकावून मिस्टर लेथपाशी आहेत का बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, ह्यास्नी हात लावू देऊ नका. मी आप्पांना आत बसवलं. मिस्टरांना पैसे दिले आणि मिसळ आणायला पाठवलं, जवळची नको, पार तिकडच्या टोकाची आणा म्हटलं, आप्पांना तीच आवडते. ते येईपर्यंत मी इंजिन कपाटात ठेवून कुलूप लावलं. मिस्टर परत आले, पिशव्या टेबलावर ठेवल्या, कपाटाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं आणि मला विचारलं, काय गं, वर अडकतंय का? म्हटलं, अडकतंय. अडकू दे. मिसळ गार व्हायलीया.